तो विषय ‘उरकून टाका’ असे मुलांना सांगू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत पदवीसाठी जाणाऱ्या मुलांना सल्ला देणारा एक लेख गेल्या महिन्यात आपल्या शिक्षण पुरवणीत आला होता. व्हिसा, राहण्याची सोय, बँकेचे खाते, आरोग्य विमा, सगळे नीट सांगितले होते. मी तो माझ्या भाचीला पाठवलासुद्धा. पण त्यात एक वाक्य होते. तिथल्या विद्यापीठांत ‘वंश, वांशिकता आणि समाज’ अशा नावाचा एखादा विषय सक्तीने घ्यावा लागतो, तो आपल्या मुलांच्या फारसा कामाचा नाही, तेव्हा सोपे गुण देणारा प्राध्यापक बघून पहिल्याच वर्षी उरकून टाकावा, असे ते वाक्य होते. त्या एका वाक्यासाठी हे पत्र. लांबले तर कात्री लावा, पण पंडितांचा आणि आडनावाचा भाग तेवढा राहू द्या.

तो विषय मी स्वतः घेतला आहे, वयाच्या 57 व्या वर्षी. सव्वीस वर्षे मी कॅलिफोर्नियात, सॅन होजेजवळ राहते. लग्नात बी. कॉम.चे शेवटचे वर्ष राहिले ते राहिलेच. मुलगी नोकरीला लागली तेव्हा घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात नाव घातले. 2020 साली कॅलिफोर्निया राज्याने एबी 1460 नावाचा कायदा केला. त्यामुळे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या पदवीला एथ्निक स्टडीजचे 3 युनिट लागतात. अमेरिकेतले मूळ रहिवासी, आफ्रिकन अमेरिकन, आशियाई अमेरिकन आणि लॅटिनो या चार समाजांचा अभ्यास त्यात येतो. पुढे तिथेच जायचे म्हणून मीही हा विषय निवडला. खरे सांगायचे तर मंगळवारची संध्याकाळ मोकळी होती, हेच मोठे कारण. माझेही मत तेव्हा लेखकासारखेच होते. काळ्या-गोऱ्यांचे भांडण त्यांचे त्यांना, आपण काय, कामाला आलेली माणसे!

पहिल्या तासाला बाईंनी प्रत्येकाला एक कागद दिला. अमेरिकेच्या शिरगणतीत दर दहा वर्षांनी वंशाचे रकाने कोणते होते, त्याची ती यादी होती. तुमचे आजी-आजोबा त्या वर्षी इथे असते तर कुठल्या रकान्यात बसले असते, ते पेन्सिलीने खूण करून दाखवा, एवढेच काम. मी खूण करायला गेले आणि थांबले. 1930 आणि 1940 च्या यादीत ‘हिंदू’ हा वंश होता! धर्म नव्हे, वंश. पंजाबातून आलेला शीख असो की मुसलमान, इथे तो वंशाने हिंदू. 1970 साली हिंदुस्थानातून आलेल्यांना गोऱ्यांत धरले. 1980 पासून ‘एशियन इंडियन’ असा वेगळा रकाना आला. माझे मामेसासरे 1968 साली इथे शिकायला आले. म्हणजे 1970 च्या शिरगणतीत ते सरकारी हिशेबाने गोरे होते आणि दहा वर्षांनी नव्हते. माणूस तोच, कातडी तीच.

मराठीत वंश म्हटले की आपल्याला वंशाचा दिवा आठवतो. रक्तातून येणारी, देवाने दिलेली गोष्ट वाटते ती. त्या कागदावर मात्र ती एखाद्या कचेरीत बसून आखलेली गोष्ट दिसत होती. पुढे जीवशास्त्राचाही एक धडा झाला. रिचर्ड लुवॉन्टिन यांनी 1972 साली हिशेब मांडला होता, की माणसामाणसांतल्या जनुकीय फरकापैकी सुमारे 85 टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आत असतो. पण माझ्या मनात ठसला तो पेन्सिलीचा कागद.

आता पंडितांची गोष्ट.

चौथ्या आठवड्यात भगतसिंग थिंड यांचा खटला आला. हे गृहस्थ पंजाबातून 1913 साली आले, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या फौजेत होते आणि त्यांना ओरेगॉनमध्ये नागरिकत्व मिळाले होते. सरकारने ते काढून घेण्यासाठी दावा लावला. कारण 1790 च्या कायद्याने परदेशातून आलेल्यांपैकी फक्त ‘मुक्त गोऱ्या व्यक्तीं’ना नागरिक होता येत होते, आणि 1870 पासून आफ्रिकी वंशाच्या लोकांना. मधल्यांना नाही. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. नोव्हेंबर 1922 मध्ये याच न्यायालयाने ओझावा नावाच्या जपानी माणसाला सांगितले होते, की गोरा म्हणजे कॉकेशियन आणि तुम्ही कॉकेशियन नाही. थिंड यांच्या बाजूने मग साधा मुद्दा मांडला गेला: मानववंशशास्त्राची पुस्तके आम्हाला कॉकेशियन म्हणतात, तेव्हा आम्ही गोरे. त्यानंतर तीनच महिन्यांनी, 19 फेब्रुवारी 1923 रोजी, ओझावांचाही निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती सदरलँड यांनीच निकाल लिहिला, की शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. हे न्यायमूर्ती स्वतः इंग्लंडात जन्मलेले होते.

इथपर्यंत माझे रक्त उसळत होते. आपल्या माणसावर अन्याय झाला म्हणून. मग बाईंनी थिंड यांच्या वकिलांनी न्यायालयापुढे ठेवलेल्या टिपणातला उतारा वाटला. वकिलांपैकी एकाचे नाव वाचले आणि मी खुर्चीत सरसावून बसले: सखाराम गणेश पंडित. नावावरून आपल्याकडचेच वाटावेत. लॉस एंजेलिसला वकिली करत. मला आधी अभिमानच वाटला. नंतर उतारा वाचला. थिंड उच्च जातीचे आहेत, उच्च जातीच्या लोकांनी हिंदुस्थानातल्या मूळ रहिवाशांशी बेटीव्यवहार न करता आपले रक्त शुद्ध ठेवले आहे, लग्नाच्या बाबतीत गोरा अमेरिकन निग्रोकडे जसे पाहतो तसेच उच्च जातीचा हिंदू त्या लोकांकडे पाहतो, अशा अर्थाचा युक्तिवाद होता तो. म्हणजे आम्हीही तुमच्यासारखेच खालच्यांना खाली ठेवतो, म्हणून आम्हाला तुमच्यात घ्या!

वर्गात पंचवीसएक मुले होती, बहुतेक विशीतली. माझ्या शेजारी बसायची ती मात्र माझ्याच वयाची, आफ्रिकन अमेरिकन, इस्पितळात रात्रपाळीला नर्स. तिने तो उतारा दोनदा वाचला, चष्मा काढला आणि मला विचारले, ‘तुम्ही सगळे तर मला सारखेच दिसता. मग कोण वरचा, कोण खालचा, हे तुम्हाला कळते कसे?’

तिच्या विचारण्यात टोमणा नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते. मी सांगितले, ‘आडनावावरून.’

आणि सांगता सांगताच मला आठवले. त्याच्या आदल्या शनिवारी आमच्याकडे दहा-बारा मराठी कुटुंबे जेवायला होती. नोकरीसाठी नुकताच आलेला एक मुलगा कुणाबरोबर तरी आला होता. त्याने स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव सांगितले आणि थांबला. मी वाढता वाढता विचारले, ‘आणि आडनाव?’ त्याने सांगितले. पुढे मी ‘अच्छा’ म्हटले आणि पलीकडच्या पानाकडे वळले. एवढेच. कुणी काही वाईट बोलले नाही, त्याला जेवायला कमी वाढले नाही. पण ते ‘अच्छा’ म्हणण्याआधी मी क्षणभर थांबले होते. त्या क्षणात मी त्याला एका रकान्यात टाकले होते, आणि तो ते ओळखून होता. जेवून तो लवकर निघून गेला. गाडी लांब लावली आहे म्हणाला.

सव्वीस वर्षांत हा प्रश्न मी किती जणांना विचारला असेल! ‘कुठले तुम्ही?’ आणि ‘आडनाव काय?’ आपण म्हणतो, ओळख लागावी म्हणून विचारतो. ओळख लागतेच, पण कशाची, हे मला त्या नर्सबाईंना सांगताना पहिल्यांदा कळले. घरी जाताना गाडीत रडू आले.

लेखक म्हणतात, हा विषय आपल्या मुलांच्या कामाचा नाही. मला वाटते, त्या वर्गात बसायला आपल्याइतके कारण फार थोड्यांना आहे. थिंड यांच्या निकालानंतर सरकारने अनेक हिंदुस्थानी लोकांचे नागरिकत्व काढून घ्यायला सुरुवात केली. पंडितांचेही काढू पाहिले. ते स्वतः वकील, लढले आणि 1926 साली वरिष्ठ न्यायालयात जिंकले. सान फ्रान्सिस्कोचे दुकानदार वैष्णो दास बगाई यांचे नागरिकत्व मात्र गेले, आणि 1928 साली त्यांनी जीवन संपवले. सोनेरी पिंजऱ्यात जगण्यात काय अर्थ, असे विचारणारे पत्र त्यांनी जाण्यापूर्वी वर्तमानपत्राला लिहून ठेवले होते. बर्कलीला त्यांनी घर घेतले तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांना त्यात पाऊल ठेवू दिले नव्हते. आज त्याच बर्कलीत एका रस्त्याला त्यांच्या पत्नीचे, काला बगाई यांचे नाव आहे. मी त्या रस्त्यावरून अनेकदा गेले होते, पण पाटीकडे कधी पाहिले नव्हते.

आणखी एक गोष्ट आमच्या पिढीने ऐकून घेतली पाहिजे. 1946 च्या कायद्याने हिंदुस्थानी लोकांना नागरिक होण्याचा हक्क मिळाला, पण वर्षाला फक्त 100 माणसांचा कोटा ठेवला. दार खरे उघडले ते ऑक्टोबर 1965 च्या स्थलांतर कायद्याने. त्याआधीच्या वर्षी नागरी हक्क कायदा आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मतदान हक्क कायदा झाला होता. अलाबामात, मिसिसिपीत काळ्या माणसांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला, त्या वातावरणात हा स्थलांतराचा कायदा झाला. आपण मात्र समजतो, की आपण आपल्या हुशारीवर आलो. हुशारी होतीच. पण ती 1955 सालीही होती, तेव्हा येता येत नव्हते.

हा विषय महाविद्यालयांत आला तोही असाच भांडून. सान फ्रान्सिस्को स्टेटच्या विद्यार्थ्यांनी 6 नोव्हेंबर 1968 ला संप सुरू केला, तो 20 मार्च 1969 पर्यंत चालला. पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या, पकडले गेले, आणि शेवटी एथ्निक स्टडीजचे स्वतंत्र महाविद्यालय तिथे उभे राहिले.

आता या अभ्यासक्रमात खोट नाही असे मी म्हणणार नाही. आमच्या पाठ्यपुस्तकात जातीला दीड पान होते आणि त्यात चार थरांच्या मनोऱ्याचे तेच ते चित्र. वर ब्राह्मण, खाली शूद्र, अस्पृश्य चित्राबाहेर. जणू हजारो वर्षे सगळे आपापल्या थरात गप्प बसून होते! इथल्या काही भारतीय पालकांचा अशा चित्रांना विरोध आहे, कारण त्याने आपली बदनामी होते असे त्यांना वाटते. माझी तक्रार वेगळी आहे. त्या चित्रात जोतीराव फुले नाहीत, सावित्रीबाई नाहीत, बाबासाहेब नाहीत, आणि मनोरा हलवणारे कुणीच नाही. शिवाय जात म्हणजे हिंदुस्थानातला वंशभेद, असे एका वाक्यात उरकले होते. कोलंबिया विद्यापीठात 9 मे 1916 रोजी, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात, पंचविशीतल्या बाबासाहेबांनी जातीवर निबंध वाचला होता. जातीचे मर्म आपसात लग्ने करण्यात आहे, असे त्यांनी त्यात मांडले. आणि 1936 मध्ये त्यांनी स्पष्ट लिहिले, की जातिव्यवस्था वंशांची विभागणी नाही, एकाच वंशाच्या माणसांची सामाजिक विभागणी आहे. पंडितांच्या टिपणाला याहून चोख उत्तर नाही. आणि तेच पुस्तकात नव्हते.

मी चार पाने लिहून बाईंना दिली. त्यांनी ती ठेवून घेतली आणि पुढच्या मंगळवारी मला वीस मिनिटे दिली. इंग्रजी माझे बेताचे, हात थरथरत होते. मी फुल्यांची ‘गुलामगिरी’ घेऊन गेले. पुस्तक मराठीत, पण 1873 सालची त्याची अर्पणपत्रिका इंग्रजीत आहे, आणि ती आहे अमेरिकेतल्या सज्जनांना. निग्रोंना गुलामीतून सोडवण्यासाठी त्यांनी जो त्याग केला त्याबद्दल आदर म्हणून, आणि माझ्या देशबांधवांनीही शूद्र भावांच्या मुक्तीसाठी त्यांचा कित्ता गिरवावा या आशेने. पुण्यात बसून, अमेरिका न पाहता लिहिलेले. मी ते वाचले तेव्हा वर्गात कुणी हलले नाही. थिंड यांचा खटला त्यानंतर बरोबर पन्नास वर्षांनी झाला. एका माणसाने अमेरिकेकडे पाहून म्हटले, आमच्या खालच्यांनाही असेच मोकळे करा. दुसऱ्याने म्हटले, आम्हीही तुमच्यासारखेच वरचे आहोत. दोघेही आपलेच.

नर्सबाई म्हणाल्या, ‘त्यांनी हे 1873 ला लिहिले. चारच वर्षांनी दक्षिणेतून फौज काढून घेतली आणि आमच्या लोकांना पुन्हा वाऱ्यावर सोडले. ते कुणी कळवले का त्यांना?’ मला उत्तर देता आले नाही. मग मी बाबासाहेबांनी 1946 साली अमेरिकेतल्या काळ्यांचे विचारवंत पुढारी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पाठवलेल्या पत्राविषयी सांगितले. अमेरिकेतले काळे लोक संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज करत आहेत असे वाचून त्यांनी त्याच्या प्रती मागवल्या होत्या, आणि डु बॉइस यांनी लगेच उत्तर पाठवले होते. मुंबईतल्या दलित पँथरने 1972 साली नाव कुठून घेतले, हे सांगितल्यावर तर त्या हसल्याच. ब्लॅक पँथर पक्ष ज्या ओकलंडमध्ये निघाला तिथेच त्या लहानाच्या मोठ्या झाल्या.

पालकांची एक धास्ती मात्र खरी आहे. वर्गात एकच भारतीय मूल असले की सगळ्या देशाचा जबाब त्याच्याकडून मागतात. मलाही दोनदा मागितला. अठरा वर्षांच्या पोराला ते जड जाते. त्यातही ते मूल दलित असेल तर बोलले तर जात उघडी पडते आणि न बोलावे तर शेजारचे दुसरे भारतीय मूल ‘आता आमच्याकडे जात उरली नाही’ असे सांगून मोकळे होते. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने जानेवारी 2022 मध्ये भेदभावविरोधी नियमांत जातीचा उल्लेख घातला, तो अशाच विद्यार्थ्यांनी आवाज उठवल्यावर. 2023 मध्ये सगळ्या राज्यासाठी तसा कायदा विधिमंडळाने मंजूर केला, पण सध्याचे कायदे पुरेसे आहेत असे म्हणत राज्यपालांनी तो परत पाठवला. त्या वेळी आमच्या ओळखीतली कितीतरी माणसे विरोधाच्या अर्जावर सह्या गोळा करत होती. मी सही केली नाही, पण त्या अर्जाविरुद्धही एक शब्द बोलले नाही. आज असते तर कायद्याच्या बाजूने बोलले असते.

हा विषय नकोसा असणारे अमेरिकेतही पुष्कळ आहेत. अ‍ॅरिझोना राज्याने 2010 साली कायदा करून टुसानच्या शाळांतला मेक्सिकन अमेरिकन अभ्यास बंद पाडला. 2017 साली न्यायालयाने ठरवले की त्यामागे वांशिक आकस होता. फ्लोरिडाने 2023 च्या सुरुवातीला शाळेतला आफ्रिकन अमेरिकन अभ्यासाचा प्रगत अभ्यासक्रम नाकारला. तिथे लोक या विषयासाठी वा त्याविरुद्ध न्यायालयात जातात, आणि आपण आपल्या मुलांना सांगतो, सोपा प्राध्यापक बघा.

आमच्या महाराष्ट्र मंडळात नोंदणीचे टेबल माझ्याकडे असते. छातीवर लावायच्या चिठ्ठीवर आम्ही आडनाव ठळक छापत आलो आहोत आणि नाव त्याखाली बारीक. संक्रांतीच्या कार्यक्रमापासून फक्त नाव छापावे असे मी सुचवले आहे. समितीत दोन बैठका झाल्या. काहींना हे उगाचच वाटते, एका ज्येष्ठ गृहस्थांनी तर विचारले, ‘मग ओळखायचे कसे माणसाला?’ निर्णय अजून व्हायचा आहे. जेवायला आलेल्या त्या मुलाला मी फोन केला होता. माफी मागितली. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, ‘काकू, मला वाटले तुमच्या लक्षातही नसेल.’

संपादक महाशय, तो लेख पुढच्या वर्षी प्रवेशाच्या हंगामात आपण पुन्हा छापाल, कारण तो उपयोगी आहे. तेव्हा ते एक वाक्य काढून टाका. त्या जागी फुल्यांची अर्पणपत्रिका छापा. फार जागा लागणार नाही, आणि मुलांना ती इथे येताना कात्रण करून सोबत आणता येईल.

आपली,
एक जुनी वाचक
सॅन होजे, कॅलिफोर्निया